मानेवरच्या चुण्या

ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला गावातल्या सगळ्या माना पाठ असतात. चेहरा आठवत नाही, पण मान आठवते. कुणाची आखूड, कुणाची एका खांद्याकडे कललेली, कुणाच्या मानेमागे डोरल्याच्या दोऱ्यानं पडलेला काळा पट्टा. रस्त्यात एखादी बाई ओळख दाखवते तेव्हा मी गोंधळून नुसती हसते, आणि ती पाठमोरी झाली की मला कळतं, अरे, ही तर छत्तीस छाती, गळा खोल, बाही कोपरापर्यंत!

घोडेगावात बाजारतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक कापायचं टेबल, एक आरसा आणि आरशासमोर उभ्या राहून पोट आत घेणाऱ्या बायका. चौदा वर्षं झाली. एवढ्या माना मापल्या, पण मला सगळ्यात जास्त छळलं ते माझ्याच मानेनं. ही तिची गोष्ट आहे. सुरुवात नटण्यामुरडण्याची आहे, पण पुढे पणाला लागले ते डोळे, आणि शिवणाऱ्या बाईचे डोळे गेले की तिच्याकडे जीभ तेवढी उरते. माझी जीभ तशी धारदार आहे, पण तिनं काजं करता येत नाहीत.

आधी रक्ताचं सांगते. मला जन्मापासून थॅलेसेमिया आहे, त्यातला मधला प्रकार. मोठ्या प्रकारात दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, छोट्या प्रकारात माणसाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही, आणि मी या दोघांच्या मधे लटकलेली. आई आणि वडील दोघंही छोट्या प्रकारवाले निघाले. हे कळलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. तोवर पोरीच्या अंगात रक्त नाही म्हणून आई मला बीट, गूळ, खजूर आणि लोहाचं टॉनिक असा रतीब घालत होती. डॉक्टरांनी सांगितलं, हिचं रक्त तयार होऊन तुटतंय, लोह तर अंगात आधीच जादा साठतंय, आणि तुम्ही तेच घालताय. आई घरी आली आणि उरलेली सगळी बीटं तिनं म्हशीला घातली. म्हैस गुटगुटीत झाली. मी आहे तशीच राहिले, फिकट आणि पिवळट, प्लीहा वाढलेली, वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळेला नगरला जाऊन रक्त घेणारी.

लग्नाचं म्हणाल तर दोन स्थळं आली होती. रक्त चढवावं लागतं हे ऐकून दोन्ही चहा पिऊन गेली. पोहे मी केले होते आणि ते चांगले झाले होते, एवढंच मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं.

पंचविशीत मानेवर चुण्या पडायला लागल्या. आधी मला वाटलं बारीक झाल्यामुळे असेल. मग एक दिवस दुकानाच्या आरशात नीट बघितलं. मानेच्या दोन्ही बाजूंना कातडी ढिली पडलेली, आणि तिच्यावर बारीक पिवळसर दाणे, रवा सांडल्यासारखे. हात लावला तर मऊ लागायची. दुखणं नाही, खाज नाही, काही नाही. काखेतही तसंच. मी आईला दाखवलं. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, “पिसं काढलेल्या कोंबडीवानी दिसतंय गं.”

आईचं असंच आहे. तिला वाईट बोलायचं नसतं, फक्त जे दिसतं ते सांगायचं असतं. गंमत म्हणजे पुढे दहा वर्षांनी एका मोठ्या शिकलेल्या डॉक्टरीण बाईंनी मला नेमकं हेच सांगितलं, की पुस्तकात याचं वर्णन पिसं काढलेल्या कोंबडीची कातडी असंच दिलंय. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती आठ दिवस तोऱ्यात होती.

वडिलांचं मत मात्र वेगळं पडलं. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. तात्या घोडेगावच्या बाजारात म्हशींचे दलाल होते. चाळीस वर्षं त्यांनी म्हशी बघितल्या. दात बघून वय सांगायचं, कास चाचपायची, चालवून बघायचं, आणि मानेजवळची कातडी चिमटीत धरून ओढायची. पातळ, सैल कातडीची म्हैस दुधाला चांगली, हा त्यांच्या धंद्यातला पक्का समज. त्या दिवशी त्यांनी माझ्या मानेची कातडी अंगठ्यानं आणि बोटानं धरली, ओढली, सोडली आणि मान डोलावली.

“काय न्हाई. कातडी पातळ हाय, सैल हाय. लई चांगलं लक्षण हाय हे.”

“पोरगी हाय ती,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “म्हस न्हाई.”

“मी कुठं म्हस म्हनलो? मी लक्षण म्हनलो.”

विषय तिथंच संपला. मी स्वतःसाठी बंद गळ्याची ब्लाऊजं शिवायला लागले. उभी कॉलर, मागे गुंड्या, आत मऊ अस्तर. उन्हाळ्यात जीव जायचा, पण मान झाकली जायची. आणि झालं असं, की बायकांना वाटलं ही नवी फॅशन आहे. शाळेतल्या बाई आल्या, ग्रामपंचायतीतल्या आल्या, नव्या सुना आल्या. “तुमच्यासारखी कॉलर पायजे.” दोन वर्षं मी घोडेगावच्या निम्म्या बायकांना भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत कोंडून ठेवलं. मला हसू यायचं आणि थोडं बरंही वाटायचं. आपली अडचण सगळ्यांनी हौसेनं अंगात घातली की ती अडचण राहत नाही.

अशी दहा वर्षं गेली. मानेशी माझा तह झाला होता.

गेल्या वर्षी लग्नसराई सुरू व्हायच्या आधी माझी मशीन बिघडली. म्हणजे मला तसं वाटलं. सरळ शिवण घालायला घ्यावी तर मधेच ती वाकायची. कापडाच्या कडेनं जाणारी शिलाई एका जागी हलकीच पोटात घेतल्यासारखी आत वळायची. मी सुई बदलली, दोरा बदलला, बॉबिन साफ केली. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं तास घालवला, तेल घातलं, एका फडक्यावर शिलाई मारून दाखवली आणि म्हणाला, “ताई, एकदम सरळ चालतीय.” मी फडकं हातात घेतलं. शिलाई वाकडी होती. मी त्याला तोंडावर सांगितलं की तुला काम येत नाही. बिचारा पिशवी उचलून गेला. त्या माणसाची मी पुढे माफी मागितली, पण ती फार उशिरा.

मग मी पट्टीनं तपासायचं ठरवलं. स्टीलची पट्टी शिलाईवर ठेवली, तर पट्टीच मधे वाकलेली! मी म्हटलं, उन्हात पडून वाकली असेल. स्टीलची पट्टी उन्हात वाकते असं मला का वाटलं, देव जाणे. बाजारातून लाकडी पट्टी आणली. तीही वाकडी निघाली. मी दुकानदाराशी भांडायला निघाले होते, पण गिऱ्हाईक आलं म्हणून राहिलं.

माणूस स्वतःवर सोडून सगळ्यांवर संशय घेतो. मी पुढची अक्कल अशी चालवली, की मशीन वाकडी जातेय ना, मग आपण कापड उलट बाजूला थोडं ओढून शिवायचं. म्हणजे शिवण मला सरळ दिसेपर्यंत हातानं वळवायची. आठवडाभर मी असं शिवलं आणि मला सगळं सरळ दिसायला लागलं. मग शाळेतल्या बाई लेकीच्या साखरपुड्याचं ब्लाऊज घालून बघायला आल्या. मोरपंखी रेशीम, पाठीवर सोनेरी पायपिंग. त्यांनी आरशाकडे पाठ केली, मान वळवून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “अहो, हे साप गेल्यासारखं का दिसतंय?”

मी म्हटलं, “सरळ आहे की.”

“सरळ आहे?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, काळजी होती. रागाला मी उत्तर दिलं असतं. काळजीला काय देणार? मी ब्लाऊज ठेवून घेतलं आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. पहिल्यांदाच मला भीती वाटली.

ओट्यावर तात्या बसले होते. त्यांना सांगितलं की मला डोळ्यानं काहीतरी वाकडं दिसतंय. तात्यांनी तंबाखू थुंकली, तोंड धुतलं आणि मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. हा त्यांचा हातखंडा प्रकार. बाजारात एका डोळ्यानं आंधळी म्हैस खपवायला आणलेली असते, तेव्हा बाजूनं तिच्या डोळ्याजवळ एकदम हात नेतात. पापणी लवली तर डोळा चांगला. तात्यांनी डावीकडून हात आणला, माझी पापणी लवली. उजवीकडून आणला, लवली. मग खालून, वरून. चार-पाच वेळा.

“डोळं लख्ख हायेत,” ते म्हणाले. “चाळीस वर्सांत आंधळी म्हस कुनी माज्या गळ्यात मारली न्हाई. तुला झोप कमी पडतीय. दोन दिस मशीन बंद ठिव.”

म्हशीचा दुसरा डोळा कुणी झाकून बघत नाही. माझाही झाकला नाही. तेवढा एक हात डोळ्यावर ठेवला असता तर त्याच संध्याकाळी सगळं कळलं असतं. पण चाळीस वर्षांच्या अनुभवानं निकाल दिला होता आणि मला तो निकाल हवा होता. मी खूश झाले. दोन दिवस झोपले, मग पुन्हा कामाला लागले. असे पाच आठवडे गेले.

या पाच आठवड्यांनंतर मी दवाखान्यात गेले, पण तेही डोळ्यांसाठी नाही. खोटं कशाला बोलू? मावसबहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. सगळ्या बहिणींनी एकसारखं खोल गळ्याचं ब्लाऊज घालायचं ठरवलं होतं, आणि मोबाईलवर कुणीतरी नगरच्या एका त्वचेच्या डॉक्टरीण बाईंबद्दल पाठवलं होतं. मला वाटलं, एखादं मलम मिळालं तर मान थोडी ताणून घेऊ. तात्या बरोबर आले. बोर्डावर आता अहिल्यानगर लिहिलंय, कंडक्टर मात्र अजून “नगर, नगर” असंच ओरडतो, आणि तात्या तर अजून “शहरात जाऊ” म्हणतात.

डॉक्टरीण बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी माझी कॉलर मागे केली, भिंगातून मानेकडे पाहिलं, कातडी बोटानं ताणली, काख पाहिली. मग त्यांनी जे विचारलं त्याचा मानेशी काही संबंध नव्हता.

“रक्ताचा काही आजार आहे का?”

मी थॅलेसेमियाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“सरळ रेघ कधी वाकडी दिसते का? दरवाजाची चौकट, खिडकीचे गज?”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पाच आठवडे माझ्या पोटात असलेली गोष्ट ही बाई माझ्या मानेवरून वाचत होती. तात्या शेजारी उभे होते. मी म्हटलं, “शिवण वाकडी दिसते. पट्टी पण.”

“उजवा डोळा हातानं झाका आणि त्या दाराकडे बघा.”

मी झाकला. दाराची चौकट मधे वाकली, जशी ओली फळी वाकते तशी. आणि दारात उभ्या असलेल्या नर्सच्या चेहऱ्याच्या जागी एक राखाडी डाग होता. डावा झाकला, सगळं सरळ. पुन्हा उजवा झाकला, पुन्हा वाकडं. शिवताना सुईकडे बघायला माझा डावा डोळाच पुढे असतो, ही लहानपणापासूनची सवय. म्हणून फसगत एवढे दिवस चालली.

त्यांनी समजावून सांगितलं. कातडी ताणली की परत जागेवर येते ती तिच्यातल्या लवचीक धाग्यांमुळे. थॅलेसेमियाच्या काही रुग्णांमध्ये वयाबरोबर ते धागे कडक होतात, तुटतात, त्यांच्यात चुना साठतो. मग मानेवर अशा चुण्या आणि दाणे दिसतात. कातडीला त्यानं काही मोठं बिघडत नाही. पण तसेच धागे डोळ्याच्या आतल्या पडद्यामागेही असतात. तिथं भेगा पडतात, भेगांमधून नको त्या रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरतात. “मानेवर दिसलं की डोळे बघायचेच,” त्या म्हणाल्या. “मलम नंतर देईन. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आज. आत्ता.” मानेच्या कातडीचा बारीकसा तुकडाही त्यांनी तपासायला घेतला, टाचणीच्या डोक्याएवढा. त्याला टाका घातला एकच. टाका मी बघितला, चांगला होता.

डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुली मोठी करणारे थेंब घालून दोन तास बसवलं, मग यंत्रावर हनुवटी टेकवून फोटो काढले. दोन्ही डोळ्यांत भेगा होत्या. उजव्यात नुसत्या भेगा, डाव्यात पाझर. डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, महिन्या-महिन्यानं तीन वेळा तरी. पाझर थांबेल, पण मधे जो डाग पडलाय तो किती जाईल सांगता येत नाही. “महिनाभर आधी आला असता तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. ते सहज बोलले. मला तात्यांकडे बघायचं नव्हतं, पण बघितलं गेलं. ते हातातली टोपी उलटसुलट करत होते.

डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर तुम्ही जसे डोळे मिटलेत तसेच मीही मिटले. प्रत्यक्षात मुंगी चावल्याएवढंही नसतं. आधी थेंबांनी डोळा बधिर करतात, मग “वर बघा” म्हणतात आणि तुम्ही वर बघेपर्यंत झालेलं असतं. पहिल्या वेळी मी डॉक्टरांना म्हटलं, “सुई कितव्या नंबरची?” ते हसले.

घरी आल्यावर मी दोन दिवस तात्यांशी बोलले नाही. मला राग आला होता आणि तो मी लपवलाही नाही. “मला म्हस समजून तपासलंत,” असं मी एकदा ताटावर बसून म्हटलं. आईनं मला डोळ्यांनी दटावलं. तात्यांनी भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला आणि म्हणाले, “व्हय. चुकलं माजं.” त्यानंतर मला जेवण गेलं नाही. आयुष्यभर सौद्यात कुणापुढे न वाकलेला माणूस इतकी सरळ कबुली देईल असं मला वाटलं नव्हतं, आणि वाटलं असतं तर मी तसं बोलले नसते.

तीन इंजेक्शनांनी डाव्या डोळ्याचा पाझर थांबला. चौकट थोडी सरळ झाली. डाग मात्र राहिला, बरोबर मधोमध. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसत नाही, त्याच्या आजूबाजूचं दिसतं. उजवा डोळा चांगला होता, म्हणून मी नव्यानं शिवायला शिकले. मान दुसरीकडे कलती करायची, उजवा डोळा पुढे. पहिल्या महिन्यात काजं रडकी झाली, मग जमलं. मोरपंखी ब्लाऊज उसवून पुन्हा शिवलं. शाळेतल्या बाईंनी ते साखरपुड्याला घातलं नाही, वाढदिवसाला घातलं, पण घातलं.

आता सगळं उजव्या डोळ्यावर होतं. डॉक्टरांनी एक चौकटीचौकटींचा कागद दिला होता, मधे काळा ठिपका असलेला. रोज सकाळी एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. एक जरी रेघ नव्यानं वाकली तरी त्याच दिवशी यायचं. आणि डोक्याला मार लागू द्यायचा नाही, भेगाळलेला पडदा धक्क्यानं फाटू शकतो. तात्यांनी हे दोन्ही हुकूम शिरसावंद्य मानले. घरातल्या प्रत्येक बुटक्या चौकटीला त्यांनी पोत्याचे तुकडे आणि चिंध्या बांधल्या. मोरीच्या दाराला तर माझ्या दुकानातलं उरलेलं मखमलीचं कापड. गिऱ्हाईक बायका विचारायच्या, काय कार्य आहे का घरात? आणि रोज सकाळी चहाच्या आधी ते कागद घेऊन माझ्यासमोर उभे राहायचे. आधी माझा डावा डोळा आपल्या हातानं झाकायचे. त्यांच्या तळहाताला तंबाखूचा वास यायचा.

“रेघा?”

“सरळ.”

“समद्या?”

“समद्या, तात्या. चहा घ्या.”

असे सात महिने गेले. मग यंदा, लग्नसराईच्या अगदी भरात, एका सकाळी डाव्या डोळ्यावर तात्यांचा हात होता आणि उजव्या डोळ्याला ठिपक्याच्या खालची एक रेघ वाकलेली दिसली. अगदी थोडी. केसाएवढी. मी डोळा मिटून पुन्हा उघडला. वाकलेलीच होती.

टेबलावर बावीस ब्लाऊजं कापून पडली होती. पण ब्लाऊजांमुळे माझी जीभ अडखळली नाही. समोर तात्या उभे होते, कागद दोन्ही हातांनी धरता येत नव्हता म्हणून एका हातानं धरलेला. सत्तरीचा माणूस. “सरळ” म्हटलं की रोज त्यांच्या खांद्यातून जी हवा सुटायची ती मला ठाऊक होती. आज सरळ म्हणावं, उद्या बघू, असं माझ्या ओठावर आलं होतं. खरंच आलं होतं.

“रेघा?”

“वाकली,” मी म्हटलं. “खालची एक. कालपर्यंत नव्हती.”

तात्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, पायात चपला सरकवल्या आणि रस्त्यावर जाऊन गाडी थांबवली. आई मागून माझी ओढणी घेऊन धावली. चहा तसाच राहिला.

डॉक्टरांनी फोटो काढले, पडद्यावर मोठे करून पाहिले आणि म्हणाले, आत्ताच सुरू झालंय, डोळ्याचा मधला भाग अजून शाबूत आहे, लवकर आलात. त्याच दुपारी उजव्या डोळ्यात इंजेक्शन झालं. तो डोळा वाचला, हे आता मी सांगू शकते. आजही सुई मी त्याच डोळ्यानं ओवते. पण त्या दुपारी हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दुपारी उजव्या डोळ्यावर पट्टी होती, आणि माझ्याकडे फक्त डावा डोळा होता.

परत येताना काळीपिवळी जीप मिळाली. मागे समोरासमोर दोन बाकडी असतात, त्यातल्या एकावर मी, समोरच्यावर तात्या. गाडी सुटली. मी तात्यांकडे पाहिलं. टोपी दिसली, दोन कान दिसले, शर्टाची वरची गुंडी दिसली. मधे चेहरा नव्हता. राखाडी डाग होता. आईचा नाही, गिऱ्हाइकाचा नाही, तात्यांचा चेहरा नव्हता. मी मान फिरवली.

तात्यांना ते कळलं. त्यांनी विचारलं, “मी दिसतो का गं?”

सकाळी खरं बोलले होते, आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

“टोपी दिसती. कान दिसत्यात. तोंड न्हाई दिसत, तात्या.”

ते म्हणाले, “तू हलू नगं. माज्या मागच्या खिडकीच्या गजाकडं बघ.” मी गजाकडे पाहिलं. ते बाकड्यावर थोडे सरकले. “आता?”

“न्हाई.”

आणखी सरकले. “आता?”

“थोडं.”

अजून सरकले, पार कडेला, स्टेपनीच्या टायरला ढोपर लावून, अर्धं अंग बाकड्याबाहेर, मान तिरकी करून. तेव्हा डागाच्या बाहेर आधी त्यांची मिशी आली, मग गाल, मग डोळे. पुसट, पण त्यांचेच. दोन्ही डोळ्यांत पाणी होतं.

“आता दिसताय,” मी म्हटलं.

“मग मी हितंच बसतो.”

प्रत्येक खड्ड्याला ते उसळत होते आणि टायरवर आदळत होते. शेजारचा माणूस दोनदा म्हणाला, बाबा, आत सरका, जागा हाय की. तात्या त्याला म्हणाले, “हितंच बरं हाय.” घोडेगाव येईपर्यंत ते तसेच बसले होते.